दुसऱ्या पेरणीचे बी

गोष्ट २०२० सालची आहे. कोरोनाचे साल म्हणून ते सर्वांच्या लक्षात आहे. आम्हा वैनगंगाकाठच्या लोकांना मात्र ते आणखी एका कारणाने आठवते. पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. घरोघरी गणपती बसले होते. मघा संपून पूर्वा लागत होत्या. वर मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, गोसीखुर्द धरणाची दारे उघडावी लागली आणि वैनगंगा पात्र सोडून गावात आली. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोलीपर्यंत काठचा सारा धानपट्टा पाण्याखाली गेला.

आमच्या गावावर त्या दिवसांत पाऊस म्हणावा असा नव्हताच. डोक्यावर ऊन आणि अंगणात पूर, असा तो प्रकार होता. पाऊस पडतो एकीकडे आणि बुडते भलतीकडे, हे नदीकाठच्या माणसाला नवे नाही. पण इतके पाणी कित्येकांनी जन्मात पाहिले नव्हते.

मी शेतीखात्यात विस्ताराचे काम करतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन १९९६ साली या भागात आलो, तो इथलाच झालो. आता पन्नाशी ओलांडली. या नोकरीत मी शेतकऱ्यांना पुष्कळ सांगितले. काही बरोबर सांगितले, काही चुकले. आज जे लिहितो आहे ते माझ्या एका चुकीबद्दल आणि ती चूक जिने दुरुस्त केली त्या म्हातारीबद्दल आहे.

आपला मुलूख ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ च्या २६ ऑगस्टपर्यंत एकच जिल्हा होते. दोघांच्या मधून वैनगंगा वाहते. खाली चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे तिचे नाव प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. पूर्वेला भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती एकत्र येतात. भोवती जंगल, मध्ये नद्या आणि दोन्हींच्या कुशीत धानाच्या बांध्या, असा हा प्रदेश आहे. आपल्याकडे समुद्र नाही, पण बेटे आहेत. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव वैनगंगेच्या पात्राने चारही बाजूंनी वेढलेले आहे. भामरागडही पर्लकोटा चढली की बेटासारखे होऊन बसते. २०१९ च्या पावसाळ्यात तर त्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क पुन्हा पुन्हा तुटला.

मी ज्या गावाबद्दल लिहितो ते असेच काठावरचे आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण माणसे साधी आहेत आणि त्यांना आपले नाव छापून आलेले आवडणार नाही.

त्या आधीची दोन-तीन वर्षे परतीचा पाऊस दगा देत होता. भारी धान शेवटच्या पाण्यावाचून लोंबीतच वाळत होता. म्हणून मी गावात सभा घेतली आणि सांगितले, “आता भारी धान सोडा. सगळ्यांनी एकच हलका वाण लावा. सारखाच पेरा, सारखाच रोवा. दसऱ्याच्या सुमारास कापणी होईल, बांधी मोकळी होईल, मग त्याच ओलीवर हरभरा घ्या.” हिशेब फळ्यावर मांडून दाखवला. लोकांना तो पटला. मृगात पऱ्हे टाकले गेले. आर्द्रा-पुनर्वसूत रोवण्या झाल्या. बायांच्या रांगा दोरी धरून रोवत गेल्या. ऑगस्टमध्ये गावावरून नजर टाकली तर एका उंचीचा, एका रंगाचा धान दिसे. मी त्याचे फोटो काढून वरिष्ठांना पाठवले होते. खोटे कशाला बोलू, छाती फुगली होती.

त्या सभेत एकच बाई काही बोलली नाही. गाव तिला मोठीमाय म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण नाही, जमीन पावणेतीन एकर. सभा संपल्यावर ती जाता जाता म्हणाली, “साहेब, तुमचं बराबर असंल. पन नदीकाठच्या मानसानं सारी बिजवाई एकाच दिवशी मातीत टाकू नये जी.” मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना नवे पटत नाही, असे मनाशी म्हटले आणि मोटारसायकलला किक मारली.

पूर उतरल्यावर चौथ्या दिवशी मी गावात पोहोचलो. चिखलाने रस्ता राहिला नव्हता, शेवटचे अंतर पायीच गेलो. ज्याने पुरानंतरची धानाची बांधी पाहिली आहे त्याला त्या वासाचे वर्णन करायला नको. पाने गाळाने माखून जमिनीला चिकटलेली होती. हलका धान नेमका गर्भात आलेला होता. त्या अवस्थेत धान बुडून राहिला तर लोंबी आतल्या आत कुजते. आठ दिवसांनी पुन्हा हिरवे पान दिसले तरी त्यात दाणा नसतो. सगळ्या गावाचा धान एकाच दिवशी रोवलेला, म्हणून सगळ्या गावाचा एकाच वेळी गर्भात आणि एकाच पुरात गेला.

एक शेतकरी बांधाच्या धुऱ्यावर बसला होता. साडेतीन एकरांचा धनी, चाळिशीचा, माझा सगळ्यात पक्का माणूस. मी सांगावे आणि त्याने करावे. सोसायटीचे कर्ज काढून त्याने खत घातले होते. मुलगी बारावी झाली होती, तिला नर्सिंगला घालायचे होते. मला पाहून तो उठला. एक चूड उपटून माझ्या हातात दिली. मी नखाने खोड चिरून पाहिले. आत लोंबी काळी पडली होती. तो काही बोलला नाही. रागावला असता, चार शब्द बोलला असता तर बरे वाटले असते. त्याच्या घरी गेलो तर त्याच्या बायकोने तशाही स्थितीत चहा ठेवला. तो चहा मला गिळवला नाही.

पंचनामे सुरू झाले. अर्ज, सातबारा, फोटो, सह्या. शासनाची मदत तेहतीस टक्क्यांहून जास्त नुकसान झाले तर मिळते आणि इथे तर शंभर टक्के होते. पण मदत ही जखमेवरची पट्टी असते. तिने गेलेले पीक परत येत नाही.

तिसऱ्या की चौथ्या फेरीत मला मोठीमाय तिच्या बांधीत वाकलेली दिसली. सप्टेंबरचा पहिला आठवडा संपत आला होता आणि बाई रोवणी करत होती! मी म्हटले, “मोठीमाय, हे काय करता? आता कशाची रोवणी?”

ती कंबर सरळ करून म्हणाली, “या साहेब, पाहून घ्या.”

तिने मला जे दाखवले ते मी पदवीच्या चार वर्षांत शिकलो नव्हतो. तिच्या तीन प्रकारच्या बांध्या होत्या. नदीकडच्या खोलगट बांधीत तिने माझे ऐकले नव्हते. तिथे घरचा जुना, उंच वाढणारा भारी धान होता. तो अजून फुटव्यावर होता, गर्भात आलेला नव्हता. पाण्याखाली चार दिवस राहून त्यातला बराच मेला होता, पण काही चुडी जिवंत होत्या. मधल्या बांधीत माझा हलका धान होता. तो माझ्या इतर सर्व धानासारखाच गेला होता. आणि सगळ्यात वर, घराच्या मागे सांदवाडीला लागून असलेल्या उंच तुकड्यात तिने त्याच भारी धानाची रोवणी दाट केलेली होती. तिथवर पाणी आले नव्हते. त्या दाट चुडी ती मुळासकट उपटत होती, फुटवे सुटे करत होती आणि खाली मोकळ्या झालेल्या बांधीत नेऊन लावत होती. एका चुडीच्या तीन-चार चुडी होत होत्या.

“वरचा तुकडा माझी तिजोरी हाये जी,” ती म्हणाली. “नदी आली नाही तं तिथंच पिकते. आली तं खाली उतरते.”

मी विचारले, “पण इतक्या उशिरा लावून निसवेल का?”

“हा धान दिवस पाहून निसवते. कवाबी लावा, दिवाळीच्या आंगंमांगं निसवतेच.”

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आपले पुष्कळ जुने भारी वाण दिवसाच्या लांबीवर फुलोरा धरतात. दिवस लहान होऊ लागले की ते निसवतात, मग रोवणी लवकर झालेली असो की उशिरा. उशिरा लावला तर फुटवे कमी येतात, उत्पन्न घटते, पण लोंबी येते. नवे हलके वाण दिवसांची मोजणी करतात. त्यांना लावल्यापासून ठरलेले दिवस लागतात, म्हणून सप्टेंबरात ते पुन्हा लावण्यात अर्थ नसतो. हा फरक मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तो बांधीत कसा वापरायचा, ते एका निरक्षर बाईने शिकवले.

त्या वर्षी तिला नेहमीच्या निम्म्याहून कमी धान झाला. पण घरचे वर्षाचे खाणे सुटले आणि पुढच्या सालची बिजवाई घरात राहिली. गावात इतर कोणाकडे घरचे बी उरले नव्हते. पुढच्या मृगात तिच्याकडून सात घरांनी पायली-पायलीने बी नेले.

माझी चूक कोणती ते मी पुष्कळ दिवस मनाशी घोळवले. हलक्या धानाची शिफारस खोटी नव्हती. ज्या वर्षी परतीचा पाऊस येत नाही त्या वर्षी तीच तारते. चूक ही, की मी एकच औषध साऱ्या आजारांना दिले. उंच बांधी, मधली बांधी, खोलगट बांधी यांत फरक केला नाही. एका वर्षीचे संकट डोळ्यांपुढे ठेवले आणि दुसऱ्याचा विचार केला नाही. आणि जिला नदी ठाऊक होती तिला विचारले नाही.

आता हवामान बदलते आहे असे आपण रोज ऐकतो. त्याचा आपल्या बांधीशी काय संबंध, ते नीट समजून घेतले पाहिजे. हवा तापली की ती जास्त वाफ धरून ठेवते. एक अंश तापमान वाढले तर सुमारे सात टक्के जास्त. ती वाफ कुठे तरी एकदम कोसळते. म्हणून होते काय, की पावसाळ्याचा एकूण पाऊस फारसा बदलला नाही तरी त्याची वाटणी बिघडते. वीस दिवस कोरडे जातात आणि महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो. शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळाचा अभ्यास करून दाखवले आहे, की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपण त्याच पट्ट्यात राहतो. आपल्या नद्यांचे पाणी येते तेही तिथूनच. म्हणजे एकाच साली आधी दुष्काळ आणि मग पूर, हे आता अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही. ज्याला दोन्ही संकटांची तयारी ठेवायची आहे त्याने सारे पैसे एकाच डावावर लावून चालत नाही.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, मी पुन्हा सभा घेतली. या वेळी फळा नेला नाही. मोठीमायला पुढे बसवले आणि म्हटले, “आज तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.” ती लाजली, पण बोलली. तिच्या म्हणण्यात माझ्या पुस्तकातले थोडे मिसळून आम्ही जे ठरवले ते इतर नदीकाठच्या गावांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे सांगतो.

पहिली गोष्ट, बांध्यांची उंचीप्रमाणे तीन भागांत वाटणी करायची. खोलगट बांधीत भारी धान, मधल्या भागात मध्यम, उंचावर हलका. सारा धान एकाच वेळी गर्भात येणार नाही असा पेरा ठेवायचा. खोलगट बांधीसाठी आता पूर सोसणारा वाणही मिळतो. ‘स्वर्णा सब-वन’ हा वाण आपल्या देशात २००९ साली आला. वाढीच्या काळात तो सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. बुडाल्यावर इतर धान वर येण्यासाठी धडपडून उंच वाढतो आणि त्यातच शक्ती घालवतो. हा मात्र गप्प राहतो, साठवलेली शक्ती जपतो आणि पाणी उतरले की नवी पाने काढतो. त्याचा हा गुण आला कुठून? ओडिशातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका जुन्या धानातून. मात्र धान निसवताना पूर आला तर याही वाणाचा इलाज चालत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट, राखीव पऱ्हे. एक एकर रोवणीला साधारण चार गुंठे पऱ्हे लागतात. ज्याची बांधी नदीकडे आहे त्याने गरजेपेक्षा एखादा गुंठा जास्त, आणि तोही उंच जागी, पंधरा दिवस उशिरा टाकायचा. नदी आली नाही तर तो कुठेही खाडे भरायला कामी येतो. त्यासाठी थोडे बी जास्त लागते.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या पेरणीचे बी. पहिल्या पेरणीला जेवढे बी काढले त्याच्या निम्मे तरी वेगळ्या डब्यात, माळ्यावर, पाणी पोहोचणार नाही तिथे ठेवायचे. ते पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून त्यात बुडवायचे, तरंगते पोचट बी काढून टाकायचे आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. उगवण पाहायची तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ऐंशी उगवले तर बी चांगले.

चौथी गोष्ट, पूर उतरल्यावरची घाई टाळायची. पाणी उतरले की लोक आधी युरिया फेकतात. तो वाया जातो. आधी बांधीतले साचलेले पाणी काढावे, आठवडाभर थांबावे. नवी पाने दिसली तरच नत्राचा हप्ता द्यावा. गर्भातला धान बुडाला असेल तर खोड चिरून लोंबी पाहावी. ती काळी असेल तर त्यावर आणखी एक रुपयाही घालू नये. बांधी साफ करून ऑक्टोबरच्या ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा किंवा पोपट घ्यावा. २०२० च्या पुराने ज्यांच्या बांधीत बारीक गाळ आणला त्यांचा हरभरा त्या साली चांगला झाला. ज्यांच्या बांधीत वाळू आली त्यांचे मात्र दोन वर्षे हाल झाले. नदी सगळ्यांना सारखे देत नाही.

पाचवी गोष्ट जनावरांची. पूर येतो असे कळताच आधी दावी सोडायची. बांधलेले जनावर गोठ्यातच बुडते, सुटे असले तर उंचवटा गाठते. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची. गाळाने माखलेले तणीस खाऊ घालायचे नाही. थोडे तणीस आधीच गावाच्या उंच बाजूला रचून ठेवायचे.

शिवाय सातबारा, बँकेचे पुस्तक, आधारकार्ड हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून बियाण्याच्या डब्यातच ठेवायचे. पीकविम्याचे नियम दर साली बदलतात, म्हणून पेरणीआधीच यंदा कोणते नुकसान धरतात आणि किती तासांत कळवायचे, ते विचारून घ्यायचे. नंतर विचारण्यात अर्थ नाही.

या सगळ्याची परीक्षा लवकरच झाली. २०२२ च्या जुलैत पुन्हा पूर आला. खाली सिरोंचा तालुक्यात तर गोदावरी आणि प्राणहिता इतक्या चढल्या की गावेच्या गावे रिकामी करावी लागली. आमच्या गावातही खोलगट आणि मधल्या बांध्यांची रोवणी वाहून गेली. पण या वेळी महिना जुलैचा होता आणि उंचावर राखीव पऱ्हे उभे होते. पाणी उतरल्यावर आठ दिवसांत गावाने पुन्हा रोवणी धरली. ज्यांचे पऱ्हे कमी पडले त्यांनी माळ्यावरचे डबे काढले. सारे काही वाचले असे मी म्हणणार नाही. दोन घरांनी काहीच राखून ठेवले नव्हते आणि त्यांचे ते साल वाईट गेले. पण बहुतेकांच्या घरी त्या दिवाळीनंतर धान आला.

तो साडेतीन एकरांचा शेतकरी दोन वर्षे माझ्याशी कामापुरतेच बोलत होता. मला त्याचे काही वाटून घेण्याचा अधिकार नव्हता. त्या ऑगस्टमध्ये मी त्याच्या बांधीजवळून जात होतो. त्याने हाक मारली. “साहेब, इकडे या.” दुसऱ्यांदा रोवलेला धान हिरवा धरत होता. त्याने एक चूड हळूच उपटली, पांढरी नवी मुळे दाखवली आणि पुन्हा चिखलात खोवून दिली. म्हणाला, “यंदा मी तुमचं ऐकलं नाही, मोठीमायचं ऐकलं.” मी म्हटले, “मीही तेच केले, भाऊ.” तेव्हा तो हसला. त्याची मुलगी एक वर्ष उशिरा का होईना, नर्सिंगला गेली होती. त्या दिवशी त्याच्या घरचा चहा मला गोड लागला.

२०२५ च्या दिवाळीनंतर गावातल्या बचतगटाच्या बायांनी मला बोलावले होते. जगात इतरत्र लोक काय करतात ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना तुवालू नावाच्या देशाची गोष्ट सांगितली. प्रशांत महासागरात नऊ लहान बेटांचा तो देश आहे. वस्ती साधारण अकरा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. जमीन समुद्रापेक्षा चार-पाच मीटरही उंच नाही. तिथले शेतकरी जमिनीत मोठे खड्डे खणून, त्यात पालापाचोळा कुजवून अळूच्या जातीचा एक कंद लावतात. त्याला ते पुलाका म्हणतात. खड्ड्याच्या तळाशी गोड्या पाण्याचा पाझर असतो, त्यावर तो पोसतो. समुद्राची पातळी वाढू लागली तसे त्या पाझरात खारे पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे खड्डे निकामी होऊ लागले. आता काही जण उंच पेट्यांत माती भरून भाजीपाला करतात. २०२३ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाने त्या देशाशी करार केला, की दर साली २८० लोकांना तिथे राहायला घेऊ. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशाच्या एक-तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावे दिली.

बाया गप्प झाल्या. एकीने विचारले, “मंग त्यायच्या देवळायचं, घरायचं का होते जी?” मला उत्तर देता आले नाही.

मोठीमाय कोपऱ्यात बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. ती म्हणाली, “त्यायचं पानी खारं. येते ना राहून जाते. आपली नदी गोडी हाये. येते, नेते, पन गाळ ठेवून परत जाते. आपल्याले परत पेराले जागा तं राहते. मंग पेराले बी नाही मनून रडाचं का?”

मी बायांना म्हटले, माझे भाषण संपले. याच्यापुढे मला काही सांगायचे नाही.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या बांधीत इतरांहून वेगळी दिसलेली लोंबी वेचली आणि त्यातून एचएमटी धान तयार केला. देशभर तो पिकला. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, नजर होती. आमची मोठीमायही त्याच वाटेवरची. अशी नजर असलेले एखादे माणूस आपल्या प्रत्येक गावात असते. सभेत ते मागे बसते आणि कोणी विचारले नाही तर बोलत नाही. माझ्यासारख्या नव्या अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की फळ्यावर हिशेब मांडण्याआधी त्या माणसाशेजारी जाऊन बसा.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एकच विनंती. येत्या मृगात पेरणीसाठी बी काढाल त्याच दिवशी दुसऱ्या पेरणीचे बी वेगळे काढा आणि डबा माळ्यावर ठेवा. नदी आली नाही तर दिवाळीला त्याचे पोहे करून खा. त्यात नुकसान काहीच नाही.